टाकळीचं पाणी

किशोरचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. "मामी, आई गेली," एवढंच तो म्हणाला आणि पुढं नुसता त्याचा श्वास ऐकू येत राहिला. किशोर म्हणजे माझ्या नणंदेचा, कौशल्याचा मुलगा. तिच्या किडन्या गेल्यापासून तोच तिला टाकळीहून अकोल्याला डायलिसिससाठी नेत-आणत होता. म्हणजे बातमी अचानक आली असं नाही. तरी हातातलं लाटणं कुठं ठेवावं ते मला सुचेना. तव्यावरची पोळी जळल्याचा वास आला तेव्हा मी भानावर आले.

आमचे हे, म्हणजे उद्धवराव, नुकतेच अंघोळ करून बाहेर आले होते. मी सांगितलं. ते ओल्या टॉवेलनिशी पलंगावर बसले. रडले नाहीत. "थांबवा म्हणा तिले," म्हणाले, "आमी आल्याशिवाय नेऊ नोका म्हणा." मला त्यांची कीव आली, आणि मला कीव आली की पाठोपाठ रागही येतो. "आधी कपडे घाला," मी म्हटलं.

थांबवायला कारण होतं. आमच्याकडे सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं वस्त्र माहेरचं पडतं. भाऊ हिरवी साडी घेऊन येतो, तिच्यावर घालतो, तोंडात पाणी घालतो, मग बाईला उचलतात. सासरी पैठण्यांचा ढीग असो की जन्मभर फाटकं नेसवलेलं असो, जाताना ती माहेरचं नेसून जाते. कौशल्याचे आईवडील कधीच गेले. तिचं माहेर म्हणजे हे एकटे. ते दिवस मावळायच्या आत साडी घेऊन टाकळीला पोचले नाहीत, तर ती बिनमाहेरची जाणार होती. मे महिना, वऱ्हाडातलं ऊन. अशात प्रेत दुसऱ्या दिवसावर कोणी ठेवत नाही.

आमच्या अमरावतीत राजापेठेतली कापडाची दुकानं सकाळी उघडत नाहीत. मी ओळखीच्या दुकानदाराच्या घरी जाऊन धडकले. "हिरवी साडी पाहिजे, आत्ताच," म्हटलं. तो लग्नाची की डोहाळजेवणाची असं विचारणार होता, पण माझ्या तोंडाकडं बघून त्यानं मुकाट्यानं चपला घातल्या. जरीच्या भरजरी साड्या त्यानं काढल्याच नाहीत. मी बारीक काठाची निवडली, कारण कौशल्याला रुंद काठ आवडत नसत. "पायात अडकते वैनी," म्हणायची. आता ती कुठं चालणार होती? पण हात बारीक काठावरच गेला.

घरी आले तर हे गाडी पुसत होते. मी म्हटलं, भाड्याची गाडी करू, आपली ही म्हातारी आज दगा देईल. "आपली गाडी दारात उभी असतानी बहिणीच्या घरी भाड्यानं जाऊ का?" हे म्हणाले. बहीण गेली तरी दारात गाडी लावायची हौस काही गेली नव्हती. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, हे मी यांच्याशी लग्न केल्यापासून पाहते आहे. वाद घालायचा तो दिवस नव्हता, म्हणून मी पिशवी मांडीवर घेऊन बसले.

आमच्या गाडीला पाणी फार लागतं. अमरावतीच्या मिस्त्रीनं कितीदा सांगितलं, रेडिएटरमध्ये कूलंट टाका, साधं पाणी नको. हे म्हणायचे, "हिरवं पाणी इकत घ्यायचं? पाणी ते पाणी." त्यात टाकळीला गेलं की निघायच्या वेळी कौशल्या न चुकता विचारायची, "दादा, तुह्या बैलाले पाणी पाजलं का?" गाडीला ती बैलच म्हणे. मग अंगणातल्या बोअरची मोटर चालू करून स्वतः बादली भरायची, रेडिएटर भरून घ्यायची आणि वाटेत लागलं तर म्हणून डिकीतली प्लॅस्टिकची कॅन काठोकाठ भरून द्यायची. इतर बहिणी भावाला पापड-कुरड्या देतात. तीही द्यायची, पण कॅन आधी. आजारी पडल्यावर खाटेवर बसून किशोरकडून भरून घ्यायची. मागच्या वेळची ती कॅन तशीच डिकीत होती.

टाकळ्या आपल्याकडं ढिगानं आहेत. ही अकोल्याच्या पलीकडची, अकोट रस्त्यावरची, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातली. तिथं जमिनीत कुठंही भोक पाडा, खारंच पाणी लागतं. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही. कौशल्याचं लग्न ठरलं तेव्हा हे सगळ्यांना माहीत होतं. पण जमीन काळीभोर, माणसं भली, नवरा मुलगा, महादेवराव, निर्व्यसनी. पाण्यापायी कोणी असं स्थळ सोडतं का? पुढं गावात गोड्या पाण्याचे नळ आले तेव्हा यांनी फोनवर तिच्याकडं पेढे मागितले होते. नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

तिच्या घरात शिरलं की उजव्या हाताला तिवईवर एक माठ असायचा, त्यावर पितळी झाकण. तो पाहुण्यांचा माठ. पाणी असं गार आणि गोड की खारपाणपट्ट्यात बसलोय हे विसरावं. घरातल्या कोणी त्याला हात लावायचा नाही. लहानपणी किशोरनं लावला तेव्हा त्याच्या पाठीत धपाटा बसलेला मी पाहिलाय. मी तिला चिडवायची, "आमी काय पाहुणे हावो का? घरातलं पाणी देत जाय ना." ती म्हणायची, "लग्न झालं का भाऊ पाहुणाच असते वैनी."

आणि आमच्याकडं राजापेठेत आली की पहिल्याच घोटाला तोंड वाकडं करायची. "कसं फिक्कं पाणी पेता तुमी! यानं माही तहानच जात नाही." खरंच सांगते, ती पेल्यात चिमूटभर मीठ टाकून पाणी प्यायची. हे पोट धरून हसायचे. "हिले समुद्रावर नेऊन सोडा," म्हणायचे. तीही हसायची. आमच्या घरात तिच्या मिठाच्या चिमटीइतका जुना विनोद दुसरा नसेल.

बडनेरा गेलं. मूर्तिजापूर यायच्या आधीच एसीतून गरम हवा येऊ लागली. यांनी एसी बंद करून काचा खाली केल्या आणि बाहेरची झळ तोंडावर आली. मी काट्याकडं पाहिलं. तो लालच्या जवळ होता.

"काटा पाहा," मी म्हटलं.

"पाह्यला."

"मंग थांबवा ना."

थांबवलं ते बॉनेटमधून वाफ निघायला लागल्यावर. रस्त्याकडेच्या निंबाखाली गाडी घेतली आणि त्याच वेळी किशोरचा फोन आला. "मामा, कुठपर्यंत आले?"

"मूर्तिजापूर सोडलं," हे म्हणाले. मूर्तिजापूर अजून पुढं होतं. मी त्यांच्याकडं पाहिलं, त्यांनी निंबाकडं पाहिलं.

तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नये हे शेंबड्या पोरालाही कळतं. यांनाही कळतं. पण तिकडं बहीण ओसरीत आणि इकडं गाडी निंबाखाली, अशा माणसाला काय कळणार? मी "थांबा" म्हणेपर्यंत यांनी दुपट्टा ओला करून झाकणावर धरला आणि फिरवला. आतलं उकळतं पाणी फवाऱ्यासारखं वर आलं. यांचा उजवा तळहात भाजला. मी पिण्याच्या पाण्याची बाटली होती ती सगळी त्यांच्या हातावर ओतली आणि तोंडानं त्यांना फाडून खाल्लं. माझी भीती अशीच बाहेर पडते. त्यांनी डाव्या हातानं डिकीतून कॅन काढली आणि कौशल्यानं दिलेलं पाणी त्या धगधगत्या इंजिनात ओतलं. मी म्हटलं, जरा निवू तर द्या. ते निवेपर्यंत थांबायला तयार नव्हते.

गाडी चालू झाली. मूर्तिजापूर मागं पडलं. थोडं पुढं गेल्यावर काटा पुन्हा चढला आणि या वेळी मी सांगूनही ते थांबले नाहीत. "थोडंच राह्यलं," म्हणत होते. अकोला थोडं नव्हतं आणि टाकळी तर मुळीच नव्हती. काटा लालच्या टोकाला जाऊन चिकटला, आतून ठणठण आवाज यायला लागला, जळका वास आला, आणि गाडी दोन आचके देऊन बंद पडली. हे तिला कडेला घेऊ शकले एवढंच.

मग चावी फिरवणं सुरू झालं. खर्र, खर्र, खर्र. इंजिन फिरायचं पण पकडायचं नाही. यांनी बॅटरीच्या तारा हलवून पाहिल्या, फ्यूज काढून पाहिले, पेट्रोलचा काटा पाहिला. पुन्हा चावी. खर्र, खर्र. शेवटी मीच समोरच्या चहाच्या टपरीवर गेले आणि मिस्त्री विचारला. टपरीवाल्यानं फोन केला आणि धर्मपाल नावाचा माणूस मोटरसायकलला पिशवी अडकवून आला. पन्नाशीचा, डोक्याला रुमाल, घामानं डबडबलेला.

मी त्याला कुठं आणि कशासाठी जायचंय ते सांगितलं. त्यानं पिशवी खाली ठेवून मान हलवली आणि कामाला लागला. आधी म्हणाला पंखा फिरत नसंन. थेट तार जोडून पाहिली तर पंखा छान फिरला. मग म्हणाला थर्मोस्टॅट अडकला असंन, आणि तो काढून टाकला. "लावा चावी." खर्र, खर्र. "आता होईन काकाजी, पुन्हा लावा." काही झालं नाही. उन्हात त्याचाही चेहरा उतरला.

फोन वाजला. "बोरगाव सोडलं," हे म्हणाले.

"काहून खोटं बोलता?" मी विचारलं.

"दूर हावो म्हटलं तर नेऊन टाकतीन तिले."

हे मला आधी सुचायला हवं होतं. मी मुकाट्यानं पदराचा वारा घेत बसले.

धर्मपालनं प्लग काढला. ओला. नाक लावून हुंगला, पेट्रोलचा वास नव्हता. मग त्यानं ऑइलची पट्टी ओढली आणि आमच्यासमोर धरली. तिच्यावर ऑइल नव्हतं, दुधाचा चहा असावा तसा पांढुरका चिकटा होता. "गॅस्केट गेलं काकाजी. पाणी ऑइलमंदी गेलं, सिलिंडरमंदीबी गेलं. हेड वाकलं असंन. हे आता रस्त्यावरचं काम नाही राह्यलं. टोचन करून नेऊ."

"तू काहीबी कर," हे म्हणाले, "पण चालू करून दे. टाकळीपर्यंत जाऊ दे फक्त. मंग जळून गेली तरी चालते."

"चालत असती तर मी थांबलो असतो का काकाजी?"

पुन्हा फोन. या वेळी मी यांच्या हातातून तो ओढून घेतला. "किशोर, गाडी बंद पडली रे. आमी बोरगावच्या अलीकडंच हावो," मी खरं सांगून टाकलं. तो हळू आवाजात म्हणाला, "मामी, गावातले म्हणून राह्यले का इथलीच एखादी साडी घालू. बाबा तर काहीच बोलत नाही. दिवस कलून राह्यला. मी कितीक थांबवू?" यांना फोनमधलं सगळं ऐकू गेलं. त्यांनी गाडीच्या टपाला हात लावला आणि तसेच उभे राहिले. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांना काय करावं हे न कळलेलं पाहिलं. माझा राग तिथं संपला.

"जेवढं थांबवता येते तेवढं थांबव," मी किशोरला म्हटलं. "आमी कशानंबी येतो." आणि साडीची पिशवी घेऊन हात दाखवायला रस्त्यावर गेले. गाड्या भरधाव जात होत्या. ऊन डोळ्यांत जात होतं.

धर्मपालला बिचाऱ्याला रिकाम्या हातानं उभं राहणं जमेना म्हणून रेडिएटरच्या तोंडात पेचकस घालून खरवडत होता. पांढऱ्या खपल्या निघत होत्या, माठाच्या बुडाला बसतात तशा. "कोणतं पाणी टाकता काकाजी?"

"अमरावतीचं. नळाचं," हे म्हणाले.

"नाही जी. खारं हाय हे. पुरा जाम हाय."

"सांगतलं ना, नळाचं."

मी रस्त्यावरून वळून म्हटलं, "अहो, कॅन टाकळीची असते." मी सहज म्हटलं. माझं अर्धं लक्ष गाड्यांकडं होतं.

यांनी कॅन उचलली. तळाला थोडं पाणी राहिलं होतं. सकाळपासून त्यांच्या पोटात अन्नाचा कण नव्हता, आणि बाटली हातावर ओतल्यापासून पाण्याचा घोटही नव्हता. टपरीवर पाणी मिळालं असतं, पण त्यांनी कॅनच तोंडाला लावली. एक मोठा घोट घेतला. मला वाटलं थुंकतील. चेहरा असा झाला की मी रस्ता सोडून त्यांच्याजवळ गेले. ते थुंकले नाहीत. डोळे मिटून गिळलं. मग कॅन माझ्याकडं केली. मी कॅन कलती करून बोट ओलं केलं आणि जिभेला लावलं. कडवट, खारट, जिभेला चरचरणारं पाणी होतं ते. आम्ही तिच्या घरी इतक्या वेळा गेलो, त्या पाण्यानं हातपाय धुतले, अंघोळी केल्या, गाडीला पाजलं. तोंडात कधी घेतलं नव्हतं. तोंडात घ्यायला तिनं आम्हाला माठातलं दिलं होतं.

"हे गाडीले नाही चालत," धर्मपाल म्हणाला. "आतून खाऊन टाकते." त्याला बिचाऱ्याला काय माहीत, आम्ही कशानं मेलेल्या माणसाकडं चाललो ते. त्यानं गाडीबद्दल सांगितलं.

हे त्याच्याकडं बघत राहिले. "गाडीले नाही चालत," ते पुन्हा म्हणाले, आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

एक पिकअप थांबली. कांदे घेऊन अकोटला चालली होती, म्हणजे टाकळीच्या फाट्यावरूनच जाणार होती. मी पिशवीतली साडी दाखवली. ड्रायव्हरनं पुढचं काही विचारलं नाही, दार उघडलं. गाडीची चावी धर्मपालकडं दिली. तो म्हणाला, "गाडीची फिकर करू नोका, पह्यले बाईचं पाहा." हे पिकअपमध्ये चढले तेव्हा रिकामी कॅन त्यांच्या हातातच होती. मी टाकून द्या म्हणाले नाही.

बोरगाव मंजू गेलं, अकोला आलं. जठारपेठेकडं वळणारी वाट दिसली तेव्हा यांनी मान फिरवली. डायलिसिसचं हॉस्पिटल तिकडंच होतं, सुरुवातीला हे कौशल्यासोबत तिथं गेले होते. अकोट रस्त्याला लागल्यावर ते एकदम म्हणाले, "डाक्टरनं तिले विचारलं होतं ना, पाणी कोणतं पेता म्हणून."

"मंग?"

"ती बोलणार होती. मीच म्हटलं, गावात नळ हाय. तिनं मंग काही म्हटलं नाही." ते पुढं म्हणाले, "माह्याकडं पाहून हासली. मले वाटलं, बरी हाय."

नळाला पंधरा दिवसांनी पाणी यायचं, आलं की ती पहिल्यांदा पाहुण्यांचा माठ भरायची, उरलं तर पोरांना, आणि स्वतः बोअरचं प्यायची, हे आता मला डोळ्यांसमोर दिसत होतं. तिनं लपवलं होतं असंही नाही. आमच्याच घरात, आमच्याच पेल्यात मीठ टाकून ती सांगत होती आणि आम्ही हसत होतो. भाऊ आला की त्याला टाकळीचं पाणी लागू नये एवढंच तिनं पाहिलं. माहेर नावाची गोष्ट बायका अशी सांभाळतात. मी पदर तोंडाला लावून रडले. हे कॅन मांडीवर धरून समोर बघत होते.

पिकअपवाल्यानं आम्हाला फाट्यावर न सोडता थेट घरापुढं नेलं. ऊन पिवळं झालं होतं. अंगणात माणसं उठून उभी होती, तिरडी बांधून तयार होती. किशोर धावत आला आणि यांच्या गळ्यात पडला. "थांबवलं मामा," म्हणाला. ओसरीत कौशल्या होती. अंघोळ घालून, हळद-कुंकू लावून, सुजलेलं तोंड उत्तरेकडं केलेली. महादेवराव खांबाला टेकून बसले होते. उजव्या हाताला तिवईवर माठ होता, पितळी झाकण घासूनपुसून ठेवलेलं. आज पाहुणे येणार म्हणून सुनेनं ते घासलं असणार. यांनी माठाकडं पाहिलं आणि पुढं गेले.

बायकांनी आडोसा केला. मी आणि किशोरच्या बायकोनं, पौर्णिमेनं, साडीची घडी मोडली. ती अंगावर घालताना हात भावानं लावायचा असतो. भाजलेल्या हातावर फोड आले होते, त्याच हातानं त्यांनी पदर तिच्या डोक्यावरून घेतला आणि काठ नीट केला. हिरवा रंग तिला शोभायचा. त्या दिवशीही शोभला, हे लिहिताना मला लाज वाटत नाही.

मग पौर्णिमेनं पेला पुढं केला. त्यात तुळशीचं पान आणि पळी होती. हे पळी उचलून थांबले.

"कोणतं हाय?" त्यांनी विचारलं.

पौर्णिमेला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिचा चेहरा बदलला. "पाहुण्यांच्या माठातलं हाय मामाजी," ती म्हणाली.

यांनी पहिली पळी कौशल्याच्या तोंडात घातली. पाणी आत गेलं नाही, ओठाच्या कडेनं गळ्यावर उतरलं. त्यांनी ते दुपट्ट्यानं टिपलं आणि दुसरी पळी घातली. मग तिसरी. मागून कोणी म्हातारा म्हणाला, "दोन थेंब पुरे असते उद्धवराव. दिवस चालला."

"पुरा गिलास तिचा हाय," हे म्हणाले.

महादेवरावांनी खांबाकडं तोंड केलं. हे पळीमागून पळी घालत राहिले, टिपत राहिले, आणि पेला रिकामा झाल्याशिवाय त्यांनी बहिणीला उचलू दिलं नाही.